सतरा माणसं आणि एक बोकड

माझ्या पहिल्या पुस्तकात सतरा माणसं आणि एक बोकड मेला, हे मला आईनं सांगितलं. मी कधी मोजलंच नव्हतं. भयकथा लिहिणारीनं मुडदे मोजत बसावं अशी काही पद्धत नाही.

चूक माझीच. अकरा कथांचा संग्रह छपाईला निघाला होता. शिवाजी पेठेतल्या माझ्या प्रकाशकांनी मुद्रितं हातात ठेवली आणि तपासून द्या म्हणाले. मला स्वतःच्या लिखाणातली एक चूक दिसेल तर शपथ. आई मात्र चाळीस वर्षं मंदिरात शास्त्र वाचणारी. छापलेल्या ओळीतली चूक ती तांदळातल्या खड्यासारखी उचलते. म्हणून गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. मनात आणखी एक होतं. माझ्या वडिलांना, अण्णांना, जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून ही बाई कशातच लक्ष घालत नव्हती. म्हटलं, लेकीच्या पुस्तकात तरी रमेल.

रमली की! देवपूजा आटोपली की चष्मा, पेन्सिल आणि माझी भुतं. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत आम्ही जेवतो तेव्हा, ती जागची हललीच नाही. आदले दोन दिवस पोट बरं नाही म्हणून टाळलं होतं. आज खरं बोलली.

"एकाशन हाय माझं." म्हणजे दिवसातून एकदाच जेवण.

"आज कसलं एकाशन?"

"त्या हिरीत पडलेल्या सुनंचं. काल त्या ड्रायव्हरचं केलं. परवा म्हाताऱ्याचं."

मला हसू आवरेना. तिला आवरत होतं. आमच्या जैन घरात हिंसेचं शिक्षण बाराखडीच्या आधी होतं. मुंगी चुकून पायाखाली आली तर एक वेळ माफी; मनात ठरवून केलेली हिंसा मात्र सगळ्यांत वाईट. आणि मी तर आठवडे आठवडे ठरवून, कच्चा आराखडा करून माणसं मारली होती. "हातानं मारलं काय आन् पेनानं मारलं काय," आई म्हणाली, "पाप लागतंयच. कुणीतरी फेडाय पायजे."

"मग मी करते एकाशन."

"तू? चार वाजलं की भडंग लागतंय तुला."

ते खरंच होतं. पण आईला साखरेचा आजार आहे. अजून पंधरा दिवस असं काढलं तर तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली असती. डॉक्टर रागावले, भाऊ वडगावहून येऊन ओरडून गेला. तिच्यावर ढिम्म परिणाम नाही. मला भीती वाटायला लागली, आणि ती माझ्या कुठल्याही कथेतल्यापेक्षा मोठी होती.

प्रकाशकांकडे गेले आणि म्हटलं, मरणं कमी करायची आहेत. त्यांनी कपाळावर हात मारला. "अवो ताई, भुताचं पुस्तक हाय हे! माणूस मेल्याबिगर भूत हुतंय व्हय? भरती कुठनं करायची?"

तरी मी बसले. रोज एकेक जीव वाचवायला घेतला. सुनेला विहिरीतून बाहेर काढलं. ती ओल्या लुगड्यानं स्वयंपाकघरात आली, भाकऱ्या थापायला बसली, आणि घरातलं कुणीही तिला एका शब्दानं काही विचारलं नाही. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. मेली होती तेव्हा मी इतकी घाबरले नव्हते! ड्रायव्हर जगला, फक्त त्याच्या गाडीतला पॅसेंजर उतरेना. बोकड कोडोलीच्या पाहुण्यांकडे पाठवून दिला. संध्याकाळी नवी पानं आईपुढे ठेवायची, ती वाचायची, कॅलेंडरवर मांडून ठेवलेल्या एकाशनांतला एक दिवस खोडायची आणि म्हणायची, "हं, वाढ." मारताना जे मला जमलं नव्हतं ते जगवताना जमत होतं, हे कबूल करायला मला फार जड गेलं.

शेवटच्या कथेला मात्र हात लावला नाही. तिच्यात एक कापड दुकानदार मरतो, आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आत गादीवर येऊन ताग्यांच्या घड्या मोडून ठेवतो. घरचे शेवटी ती गादी जाळून त्याला कायमचा घालवतात. अण्णांचं वडगावात कापडाचं दुकान होतं. आई ओळखणार हे मला माहीत होतं, म्हणून तर ती कथा मी सगळ्यांत खाली सरकवली होती. बापाला भूत करून विकलंस म्हणेल, याची धास्ती होती.

तिनं ती दुपारी वाचली. दोनदा वाचली. मी समोर शेंगा निवडत बसले होते, चांगल्या शेंगाही टाकून देत होते.

"ह्यास्नी कशाला घालवलंस?"

"आई, भुताला शेवटी घालवावं लागतं. गोष्टीची रीतच आहे तशी."

"घड्या मोडतोय, एवढंच न्हवं? कुणाला काय तरास हाय त्याचा? ऱ्हाऊ दे की."

जीव गेला की त्याच क्षणी पुढचा जन्म घेतो, मागं भूतबित काही उरत नाही, हे मला लहानपणी हिनंच शिकवलं होतं. त्याची मी तिला आठवण करून दिली नाही. गादी जाळल्याची दोन पानं तिच्यादेखत फाडली. आम्ही दोघी रडलो. दीड वर्षात एकमेकींसमोर पहिल्यांदाच.

मग डोळे पुसून तिनं मुद्रितं परत ओढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "आन् हे बघ. दुकानात पाऊल टाकलं की च्या लागायचा त्यास्नी. कुठंच लिहिलं न्हाईस."

मी तिचीच पेन्सिल घेतली आणि तिथल्या तिथं भुताच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला. तिनं वाचून पाहिलं, मान डोलावली आणि दिवस मावळायच्या आत जेवायला बसली.