वाळलेल्याला विटाळ नाही

हळद वाळवणाऱ्या माणसानं रागात पसरायचं दाताळं हाती धरू नये, असं माझी सासू म्हणायची. रागात थर कुठं जाड पडतो, कुठं पातळ. पातळ थर करपतो, जाड थर कुबट होतो. तिचं खरं होतं, पण मला राग यायचा. त्या वर्षीचा तर अजून निवलेला नाही.

आमचं गाव वसमतच्या बाजूचं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी लग्न होऊन आले त्याच साली आमच्या विहिरीला पाणी लागलं आणि सासूनं अर्धा एकर हळद लावली. आमची स्वतःची पहिली हळद. त्याआधी वीस वर्षं ती गावातल्या एका मोठ्या घरची हळद शिजवून, वाळवून देत होती. त्या घराच्या शेतात माळाला लागून एक सपाट काळा खडक होता. खाली ओल नाही, वर सावली नाही. आम्ही त्यांची हळद वाळवून द्यायची आणि बदल्यात खडकाचा एक कोपरा आमच्या हळदीला, असं ठरलं.

तिचं काम बघत बसावं असं होतं. काहिलीतल्या हळदीत गवताची काडी आरपार गेली, तरच ती म्हणायची शिजली. मग लगेच पसरायची, एका बोटाच्या थरानं. हळकुंडं निराळी, मधले जाड गड्डे निराळे. गड्डा वरून वाळल्यासारखा दिसतो आणि आतून ओला राहून फसवतो. दुपारी दोनदा खालीवर करायची. दिवस कलला की ढीग करून वर गोणपाट टाकायची. दवाचा एक थेंब लागू देत नसे. पंधरा-सोळा दिवसांनी एक हळकुंड कानाजवळ धरून मोडायची आणि टण्ण आवाज झाला की हसायची. एरवी ती फारशी हसत नसे.

आता त्या घराची रीत सांगते. बाजारात जाणारी हळद आमच्या हातानं शिजली तरी त्यांना चालायची. ती खाणारे कोण कुठले, त्यांच्या विटाळाशी यांना काय करायचं होतं? पण देवाची आणि लग्नाची हळद घरच्याच बायकांनी शिजवायची, पसरायची. शिजलेल्या ओल्या हळदीला आमचा हात लागला की ती बाटली. तीच हळद दोन दिवस उन्हात राहिली की मात्र आमच्या हवाली. वाळलेल्याला विटाळ नाही! आमच्या वस्तीला बौद्ध होऊन अठरा-एकोणीस वर्षं झाली होती. त्या घराच्या लेखी आम्ही जिथल्या तिथंच होतो.

त्या साली त्या घरच्या मुलीचं लग्न निघालं. लग्नाची एक काहील घरच्या बायकांनी शिजवली. त्यांनी उभ्या जन्मात हळद वाळवली नव्हती. वाफाळती हळद त्यांनी खडकावर ओतली, वीतभर जाड, गड्डे आणि हळकुंडं एकातच. संध्याकाळी वर नवंकोरं मेणकापड घातलं आणि कडेनं दगड ठेवले. आम्ही वीस पावलांवर आमच्या कोपऱ्यात उभ्या होतो.

सासू तिथूनच म्हणाली, "मालकीणबाई, थर पातळ करा. अन् मेणकापड नका टाकू, घाम येईल तिला."

"तुला काहून पंचाईत?" मालकीण म्हणाली. "तुह्या हाती येईल तवा तुहं शहाणपण दाव."

मी पुढं निघाले होते. दहा मिनिटांचं काम होतं, दोन हातांचं. सासूनं माझं मनगट धरलं. दोन दिवस आम्ही ती हळद डोळ्यांदेखत सडताना बघितली. वर ऊन लागून कातडी वाळत होती आणि रोज रात्री मेणकापडाखाली ती घामानं भिजत होती. डोळे असून हात बांधलेले, याचा राग कसा असतो ते ज्याचे हात कधी बांधले गेले नाहीत त्याला सांगून कळायचं नाही.

तिसऱ्या सकाळी हळद आमच्या हवाली झाली. सासूनं मेणकापड उचललं आणि आंबूस वास आला. तिनं गड्डा मोडून बघितला. आत काळपट, चिकट. तिनं मालकिणीला सरळ सांगितलं, "ही गेली बाई. लग्नाला दुसरी शिजवा, अजून टाइम हाय."

मालकीण जी भडकली! "वीस वर्सं वाळवून राहिली, अन् माह्याच लेकीच्या हळदीला नजर लावलीस? दुसरी न्हाई शिजवायची. हीच वाळल. उचल तुहा कोपरा, आत्ताच्या आत्ता!"

आमची हळद खडकावर पडून सहा दिवस झाले होते. वरून वाळलेली, आतून ओली. अशी हळद काळ्या मातीत टाकली की संपली. वर्षभराची मेहनत आणि सासूची पहिली हळद, दोन्ही मातीत. मी तोंडाला येईल ते बोलले. मालकिणीचं घराणं काढलं, रीत काढली, काही ठेवलं नाही. मी दमून गप्प झाले तेव्हा सासूनं चार पाट्या भरल्या होत्या.

वस्तीत मोठं अंगण कुणाचंच नव्हतं. बायकांनी आपापली अंगणं शेणानं सारवून दिली. सकाळी ऊन पश्चिमेच्या ओळीतल्या अंगणांत, दुपारनंतर पूर्वेच्या. सासू उन्हाच्या मागं हळद फिरवायची. दिवसातून दोनदा सगळी पाट्यांत भरायची, दुसरीकडं न्यायची, पुन्हा एका बोटाच्या थरानं पसरायची. दहा-अकरा दिवस आम्ही दोघी आणि शेजारणी उन्हामागं धावलो. माझी कंबर मोडली आणि राग काही उतरला नाही. शेवटी तिनं हळकुंड कानाजवळ धरून मोडलं. टण्ण. सारवलेल्या अंगणांनी आमची हळद राखली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मालकीण आमच्या दारात आली. एकटी, मागच्या वाटेनं. त्यांनी हळद दळायला काढली तर आत बुरशी. आणि नवरीला त्याच सालची, गावच्याच मातीतली हळद लागते, अशी त्यांची रीत. गावातली बाकीची हळद, त्यांची स्वतःचीसुद्धा, कधीच बाजारात गेली होती.

"सूपभर दे," ती म्हणाली. आणि वर, "वाळलेल्याला कशाचा विटाळ?"

मी तिला बाहेरच्या बाहेर हाकलणार होते. सासूनं मला गप्प केलं आणि सूप भरून आणलं. एक हळकुंड मोडून दाखवलं. आत नारिंगी, एकसारखं, गाभ्यापर्यंत. मालकिणीनं लांबूनच पदर पसरला.

सासू परत आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. दवाचा थेंब लागू न देणारी ती बाई. तिनं अख्खा तांब्या सुपात ओतला, हात घालून हळद चांगली खालीवर केली आणि भिजलेला हात मालकिणीपुढं धरला.

"आता वली झाली. माह्या हातची. नेता का?"

मालकिणीच्या घरी मांडव उभा होता, पाहुणे आले होते. तिनं एकदा गल्लीत मागं-पुढं बघितलं आणि पदर पुढं केला. ओली हळद पदरात पडली. पिवळं पाणी तिच्या पायांवर गळत होतं. ती आली तशी मागच्या वाटेनं निघून गेली.

मला वाटलं होतं आपल्याला आनंद होईल. उलट जास्तच राग आला. सासू रिकामं सूप झटकत म्हणाली, "वलीला बी आपला हात चालत व्हता म्हणायचं."

वीस वर्षं तिनं ते चालत नाही म्हणून पाळलं होतं.