उंटिणीच्या दुधाची खीर

त्या मंगळवारी माझ्या यजमानांनी इन्सुलिन घेणं बंद केलं. आदल्या संध्याकाळी माझा दीर कोठी बाजारातल्या एका दुकानातून उंटिणीच्या दुधाच्या बाटल्या घेऊन आला होता. ऐसपैस बसून म्हणाला, “दादा, ह्याच्यात इन्सुलिन असतंच की. वरून सुई टोचायची म्हणजे डबल डोस. नक्को ते.”

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दूध हवं तर घ्या, साखर तपासत राहा, पण सुई सोडू नका. मी हे दिराला सांगितलं तेव्हा तो हसला. “वहिनी, तुम्ही लई पुस्तकं वाचता.”

यजमानांनी जन्मभर वकिली केली, पुराव्याशिवाय कुणाचं ऐकलं नाही. धाकट्या भावाकडे मात्र पुरावा मागितला नाही. ते नाक दाबून दूध पीत राहिले. मग साखर चढली, शुद्ध गेली आणि दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

तेराव्याला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं गोड करतात. दीर त्याच दुधाची खीर करवून घेऊन आला. “दादाला फार आवडायचं हे दूध,” असं पंगतीत सांगू लागला. मी पातेलं उचललं आणि सगळ्यांच्या देखत मोरीत उपडं केलं.

“वहिनींचं डोकं ठिकाणावर नाही,” तो म्हणाला. ते अगदी ठिकाणावर होतं.

आता फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या आहेत, आणि दिराला या घरात जागा नाही.