न बुडवलेली बशी

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. डासांचा विषय निघाला की गल्लीतले लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "ह्यांनी रांजण बुजवला, तवापासून गल्ली सुटली." मी गप्प बसत असे. आता खरं काय ते लिहून ठेवतो.

प्लेग येऊन गेल्यानंतरची ती वर्षं. गादीवर महाराज होते, आणि मी कोल्हापूरच्या म्युनिसिपालिटीत तपासणीच्या कामाला होतो. घरोघरचं साचलेलं पाणी पाहायचं आणि डासांच्या अळ्या सापडल्या तर ते ओतायला लावायचं. त्यासाठी डॉक्टरांनी मला चिनी मातीची एक पांढरी बशी दिली होती. पाणी बशीत घेऊन उजेडात धरलं की वळवळ लगेच दिसे.

आमच्याच गल्लीतून डासांची तक्रार आली. समोर एक म्हातारे मुसलमान रंगारी राहत. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणे. मला ते लहानपणापासून अरेतुरे करत. त्यांच्या परसात निळीचा रांजण जमिनीत पुरलेला होता. तो त्यांच्या वडिलांनी लावलेला. चुना, गूळ, टाकळ्याचं बी घालून ते त्यातलं पाणी आंबतं ठेवत. एकदा ते मेलं की पुन्हा साधेल याचा भरवसा नाही, असं सांगत. वास मात्र उग्र.

मी नाकाला उपरणं लावून रांजणाशी उभा राहिलो.

"अरं, नीळ हाय ती," चाचा म्हणाले. "हिच्यात डास कुठला जगतोय? घाल की बशी. डोळ्यानं बघ, नाकानं काय तपासतोस?"

बशी निळी होईल आणि डॉक्टर रागावतील, एवढंच माझ्या मनात आलं. मी ती बुडवली नाही. वहीत 'घाण पाणी' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी दोन गड्यांनी रांजण मातीनं बुजवला. चाचा शेवटपर्यंत उभे राहून बघत होते.

डास हटले नाहीत. आठवड्याभरानं आईनं मला दूध-तुपाच्या कपाटाखाली पाणी घालायला सांगितलं. मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाच्या चारही पायांखाली दगडी वाट्या भरलेल्या असत. त्या कधी कोणी ओतत नसे, वरून भर घातली की झालं. सहज म्हणून बशी काढली. चारही वाट्यांत अळ्या होत्या.

अशा वाट्या घरोघरी होत्या. दर आठ दिवसांनी त्या ओतून घासायच्या, असं बायकांना सांगत मी गल्लीभर फिरलो. का, ते सांगितलं नाही. डास कमी झाले, आणि नाव झालं ते रांजण बुजवल्याचं.

चाचांनी नवा रांजण लावून पाहिला. रंग धरला नाही. मग ते उचगावला लेकीकडे राहायला गेले.

काही वर्षांनी मी तिथं गेलो. वाटभर काय बोलायचं ते जुळवत होतो. चाचा दारात शेंगा फोडत बसले होते. त्यांच्या नखांत आता नीळ नव्हती.

"या पावणं," ते म्हणाले.

मी पाणी मागितलं. त्यांनी तांब्या पुढं केला. "बघून घ्या हं. बशी आणलीय न्हवं?"

मी पाणी प्यालो, तांब्या खाली ठेवला आणि परत निघालो. वाटभर जुळवलेलं, न बोललेलं ते एवढंच होतं: "चाचा, तुमच्या रांजणात काही नव्हतं. अळ्या माझ्या घरात होत्या. मी त्या बघितल्या आणि गप्प बसलो. मला माफ करा."