दसऱ्याला आणलेल्या टेप्स

आज दसऱ्याच्या झेंडूचा वास आला आणि बाब अल बहरीनजवळचं जुनं ऑफिस आठवलं. आग लागलीच तर डेटा वाचावा म्हणून सर्व्हरच्या बॅकअप टेप्स आम्ही लांब अस्करच्या गोदामात ठेवायचो. त्या दसऱ्याला पेडणेकर साहेब म्हणाले, "सर्व्हरची पूजा करायची, मग टेप्सनी काय घोडं मारलंय? आणा सगळ्या." ड्रायव्हर सावंत घेऊन आला. कुंकू लावून आम्ही त्या सर्व्हरपाशीच मांडल्या.

"उद्या परत नेतो, इंशाल्ला," सावंत म्हणाला.

त्याच दुपारी एसीने पेट घेतला. सर्व्हर, टेप्स, सगळं खलास. कंपनी त्यातून उठलीच नाही. व्हिसा रद्द होऊन साहेब आणि सावंत गावी गेले.

झेंडूच्या फुलांत त्या टेप्स एकत्र किती छान दिसत होत्या.