नाकानं दिलेली साक्ष

बारा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा बंगळूरला निघाले, त्या दिवशी हुबळीकडची पॅसेंजर गुंजी स्टेशनात लागली, तेव्हा आईनं माझ्या बॅगेची चेन उघडून जुन्या लुगड्यांची वाकळ बाहेर ओढली. मी ती निघताना गुपचूप कोंबली होती. आप्पा म्हणाले, “अगं, गाडी सुटंल!” आईनं वाकळ काखेत मारली आणि म्हणाली, “ही हितंच ऱ्हाऊ दे. न्हेलीस तर परत कशाला येशील?”

तुमच्यातले जे गावीच राहिले त्यांना हे ठाऊक आहे. माझ्यासारखे जे बंगळूरला आले आणि गादीवर धुतलेली बेडशीट घालून झोपू लागले, ते विसरले असतील. आपल्याकडं बाहेर गेलेल्या लेकराची वाकळ दुसरं कुणी पांघरत नाही. ती माळ्यावर राहते, आणि लेकरू घरी आलं की त्याच्याच अंगावर पडते. आई दर वर्षी तिच्यावर आपलं एक जुनं लुगडं टाके घालून चढवायची, मला ऊब कमी पडू नये म्हणून. बारा वर्षांत ती इतकी जाड झाली, की धुणं बंद झालं. कधीमधी ऊन दाखवायचं, बस्स.

गावी गेले की सकाळी शिंका सुरू. वीस, पंचवीस, मग मोजायचं सोडून द्यायचं. नाक चोंदलेलं, डोळे लाल, आणि तिसऱ्या दिवशी मी परतीच्या गाडीत. बंगळूरला पोचले की ठणठणीत! पुढं तीन दिवसांचे दोन झाले. एकदा तर बेळगावात, टिळकवाडीत मैत्रिणीकडं झोपले आणि गावी नुसती जेवायला गेले. ते आईला फार लागलं.

बेळगावच्या डॉक्टरांनी हातावर ओळीनं टोचून पाहिलं, रक्तही तपासलं. काहीच निघालं नाही. तो कागद आईनं आप्पांकडून वाचून घेतला. “कशाचीबी ॲलर्जी न्हाय म्हनत्यात. मग आमचाच कंटाळा आलाय, व्हय गं?”

खरं सांगायचं तर मलाही शंका यायला लागली. गाव मनातून उतरलंय म्हणून मी शिंकते की काय? ही शंका मला नाकापेक्षा जास्त छळायची.

मागच्या वर्षी बंगळूरच्या डॉक्टरबाईंनी माझ्या बेळगावी कन्नडला हसत सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, काहींची ॲलर्जी फक्त नाकातच असते, कातडीत आणि रक्तात सापडत नाही. तेव्हा नाकालाच विचारू. आठवडाभर गोळ्या बंद. मग नाकात आधी नुसतं मिठाचं पाणी सोडलं. काही नाही. नंतर अंथरुणातल्या धुळीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचा अर्क. पाच मिनिटांत शिंकांचा धडाका! नाक गच्च, मशीनवरचा श्वासाचा आकडा धपकन खाली. मी रडत होते, पण डोळ्यांतून पाणी येतच होतं, त्यामुळं कुणाला कळलं नाही. मी खोटी नव्हते.

बाईंनी विचारलं, “घरात जुन्या गोधड्या आहेत?” तेव्हा माझा आनंद विरला. ही साक्ष कुणाच्या विरोधात गेली होती ते माझ्या ध्यानात आलं.

तीन महिने मी आईला सांगितलं नाही. आईला सांगू तरी काय, की तुझी मायाच मला बाधते? शेवटी गावी जाऊन, चुलीपाशी बसून सांगितलं. आईनं थापलेली भाकरी तव्यात टाकली. मग म्हणाली, “म्हंजे इतकी वर्सं मीच तुला घालवत हुतो?”

“तसं न्हाय गं आई,” मी म्हणाले.

दुपारी ती कात्री घेऊन बसली. बारा वर्षांचे टाके उसवायला तिला सूर्य कलेपर्यंत वेळ लागला. मी मदतीला गेले तर हुसकून लावलं, “तू लांब बस, शिंकशील.” वरचं एकच लुगडं तिनं उकळत्या पाण्यात धुतलं, चुलीच्या धगीवर वाळवलं आणि माझ्यापुढं धरलं. “एवढं तरी चालंल न्हवं?”

रात्री तेवढंच पांघरून झोपले. दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा उन्हं दारात आली होती. आई उशाशी बसून माझ्या नाकाकडं टक लावून बघत होती. गाव सोडल्यापासून घर म्हणजे मला निघायची घाई व्हायची ती जागा होती. त्या सकाळी पहिल्यांदा मला उठावंसंच वाटेना.

“शिंकली न्हाईस,” ती हळूच म्हणाली. “मग आजचा दिस ऱ्हातीस?”

मी आठ दिवस राहिले.