आईच्या मापाची गाडी

आईला जाऊन दोन महिने होत आले. परभणीच्या दवाखान्यातल्या आमच्या शेवटच्या भेटीत तिनं नातवंडांची चौकशी केली नाही की माझ्या नोकरीची. विचारलं ते एवढंच, "आपली गाडी कुठं हाय रं आता?" मला माहीतच नव्हतं. म्हणून ती गेल्यावर एकच ध्यास घेतला... ती पांढरी अ‍ॅम्बेसेडर शोधायची आणि परत आमच्या दारात आणून उभी करायची. तिची नजर कमी झाल्यावर मानवतच्या ज्या व्यापाऱ्याला आम्ही ती विकली, त्याच्याकडून कळलं की ती झरी गावात आहे. मागच्या रविवारी गेलो.

एका अंगणात, लिंबाच्या झाडाखाली ती उभी होती. मालक आबा, साठी उलटलेले शेतकरी. त्यांनी दार उघडलं आणि मला हसूच फुटलं. पुढची बाकासारखी अख्खी सीट अजून तशीच, स्टेअरिंगला खेटून! ही करामत आईची. ती वालूरच्या शाळेत शिक्षिका, उंचीनं बेताची. गाडी लिलावात घेतली तिनं आणि चालवायला शिकलीही तीच. पण गाडी दारात आली तशी भावकीतल्या बाप्यांना कामं सुचू लागली. माझ्या काकांनी तर कहर केला. एका लग्नाला जाताना स्टेअरिंग स्वतःकडं घेतलं, गाडी माणसांनी भरली आणि "तुमी यष्टीनं या, वहिनी" म्हणून तिलाच फाट्यावर उतरवलं. दुसऱ्या दिवशी आई मानवतला गेली आणि वेल्डिंगवाल्याकडून सीट पुढं ओढून कायमची जाम करून आणली. पुढच्या खेपेला काका ऐटीत बसायला गेले, ते गुडघ्यांत असे अडकले की दोघांनी ओढून काढावं लागलं. "गाडी माझ्या मापाची हाय, भाऊजी," आई शांतपणे म्हणाली. "बसा मागं. सोडते की."

सहा फुटी वडील तर कायमचेच मागं गेले. गाव चिडवायचं, "बाई डायवर अन् हे साहेब!" वडील म्हणायचे, "अशी डायवर तालुक्यात दावा." याच गाडीतून आईनं आमच्या वस्तीतल्या पोरी सेलूला परीक्षेला नेल्या, अडलेल्या बाया दवाखान्यात पोचवल्या. बुद्धविहारापुढं हॉर्न वाजला की मी छाती काढून उभा राहायचो. तो अभिमान वयाबरोबर वाढतच गेलाय.

"द्याल का परत?" मी आबांना विचारलं.

"माझे बी गुडघे अडकतेत, पोराचे बी. सीट सोडवायला गेलो तर मेस्त्री म्हणला, पत्रा फाटंल. मग सुनंला शिकवलं. तीच चालवायलीय, बचत गटाच्या बाया घिऊन परभणीला जायलीय. पर तुमच्या आईची हाय म्हणल्यावर न्हाई कसं म्हनू? न्या."

त्यांची सून कविता दारातच उभी होती. तिनं चावी धरलेली मूठ पदराआड घेतली... मी नेली असती तर गाडीला हार घालून दारात उभी केली असती. आईला ते मुळीच खपलं नसतं.

"असू द्या इथंच," मी म्हणालो.

तेव्हा कुठं कविता बोलली. "एक इचारू का, भाऊ? तुमच्या आई रिव्हर्स कशा घ्यायच्या? मला मागचं कायच दिसत न्हाई."

ते मात्र मला पाठ होतं. दार अर्धं उघडायचं, एक हात स्टेअरिंगवर ठेवून कमरेतून बाहेर वाकायचं आणि मागं बघत गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं, "सरका!"

कविता आत बसली. दार उघडलं. गाडीमागं नेमके सासरेच उभे, त्यामुळं क्षणभर लाजली... मग बाहेर वाकली आणि खणखणीत ओरडली.

आधी आबा सरकले, मग मी.