दोन चमच्यांचा आवाज

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आईच्या मोबाइलमध्ये ती 'डाएटवाली' होती. आईला शुगर आणि बीपी दोन्ही, म्हणून दवाखान्यातून दर मंगळवारी तिचा फोन यायचा. आमच्या जबलपुरातल्या घरी तेव्हा ऐन स्वयंपाकाची वेळ असायची. मला आधी रागच यायचा. मग कळलं, ती वेळ तिनं मुद्दाम निवडली होती.

"काकू, फोन ओट्यावर ठेवा अन् भाजी टाका," ती म्हणायची. आईला तिच्या मराठीचंच अप्रूप, कारण घरात नातवंडं हिंदीतच बोलायची. पण ती फार बोलायची नाही, ऐकायची.

एकदा वांग्याच्या भाजीसाठी आईनं बाटलीतून तेल ओतलं.

"किती टाकलं, काकू?"

"दोन चमचे."

"बाटली तर बराच वेळ गुडगुडून राहिली होती." मग ती म्हणाली, "माझी आईपण दोनच सांगायची."

पुढच्या मंगळवारी आईनं चमच्यानं तेल घेतलं आणि तिकडे ऐकू जावं म्हणून प्रत्येक चमचा कढईच्या काठावर वाजवला.

"ऐकलं, काकू."

वर्षभरानं ते फोन बंद झाले. आई मात्र शेवटपर्यंत चमचा वाजवत राहिली.

आता शुगर मला आहे, आणि ओट्याशीही मीच असतो. दोन चमचे वाजवून टाकतो. तिसरा टाकायचा झाला, तर आवाज न करता टाकतो.